चाळीस बॅगा, बाराशे किलो

पोस्टवर आम्ही चौदा जण होतो. खाली रोडहेडला, म्हणजे गाडीरस्ता संपतो तिथं, अठरा खेचरं आणि त्यांचे हाकणारे. उंची साडेतेरा हजार फूट. जागेचं नाव लिहीत नाही. तेवढी शिस्त अजून अंगात आहे.

मी सॅपर होतो, म्हणजे इंजिनिअर रेजिमेंटचा जवान. आमच्या आदिलाबादकडे सैनिक म्हटलं की लोक बंदुकीचंच विचारतात. माझ्या हातात बंदुकीपेक्षा पहार, पाना आणि वायर रोप जास्त होता. किती दुश्मन मारले असं विचारणाऱ्यांना मी सरळ सांगतो, एकही नाही. पण आमच्याकडून आमचाच एक माणूस गेला. तो कसा गेला ते कागदावर खोटं लिहिलं आहे. इतकी वर्षं मी गप्प होतो. आता गावच्या शाळेची गॅलरी मध्ये आली म्हणून लिहितो आहे. गॅलरीकडे येतो. आधी पोस्ट.

रोजचं काम ठरलेलं. पाच-तीसला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज. सातला चहा. पावणेआठला फॉलिन, सगळे रांगेत. आठ ते तीन काम, कारण तीननंतर वारा सुटायचा आणि कड्यावर उभं राहता येत नसे. काम एकच होतं. वरच्या पोस्टकडे जाणारी पायवाट एका ठिकाणी नव्वद फूट तुटली होती. कडाच सुटून खाली गेला होता. रॉकेल, आटा, दारूगोळा सगळं खेचरांवर वर जायचं, ते बंद पडलं आणि माणसं पाठीवर नेऊ लागली. हुकूम आला: कड्याला लागून लोखंडी वाट बांधा.

ही वाट कशी असते ते सांगतो. घराचा छज्जा बघा. एक बाजू भिंतीत, दुसरी बाजू हवेत, खाली खांब नाही. याला कँटिलिव्हर म्हणतात. आम्ही कड्यात भोकं पाडून लोखंडी जॉइस्ट, म्हणजे तुळया, तीन फूट आत घातले, सहा फूट बाहेर ठेवले. आत पोलादी पाचरी ठोकल्या, मागचं टोक बोल्टने खडकाला बांधलं. बाहेरच्या सहा फुटांवर फळ्या. असे नऊ खण. नऊ खण मिळून नव्वद फूट वाट.

या कामाचे उस्ताद होते नाईक दत्ता खोमणे. बारामतीकडचे. वय एकतीस. बारीक माणूस, मिशी माणसापेक्षा मोठी. रेजिमेंटमध्ये मराठी पोरं पुष्कळ, पण तेलंगणातला मराठी मी एकटा. त्यामुळे माझं नाव गौतम असूनही हाक एकच होती.

"काय रं तेलंगणा, तुज्या गावात बोर्ड तेलुगू, शिव्या मराठी, पटवाऱ्याकडं गेलं की उर्दू. तू सपान कशात बगतूस?"

"भाकरीचं बगतो उस्ताद. ते सगळ्या भाषेत सारखंच दिसते."

"मग लंगरच्या आचाऱ्याला सांगतो, याला सपनातच वाढा."

प्रीलोड म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं, आणि पुस्तकाशिवाय शिकवलं. मला हात सरळ पुढे करायला लावला. हाताला वीस लिटरचा जेरीकॅन लटकवला. हात झटक्यात खाली आला.

"हात वाकला?"

"नाही उस्ताद. कोपर सरळ हाय. खांदा खाली गेला."

"मग? जॉइस्टचं त्येच हाय. लोखंड लई थोडं वाकतं. पयल्यांदा वजन आलं की मुळाशी जी ढिलाई असती, पाचरीची, बोल्टची, ती निघती. ती परत वर येत नाय. ती ढिलाई खेचराच्या पायाखाली निघाली तर झटका बसतो. म्हणून खेचर यायच्या आधी आपण वजन ठिवायचं. जेवढं रोज येणार त्येच्या सव्वा पट. चोवीस तास. टोक किती खाली आलं ते लिवायचं. मग वजन काढायचं, पाचर परत ठोकायची, बोल्ट परत आवळायचा, आन् पुन्हा वजन. दुसऱ्यांदा टोक जेवढं खाली जाईल तेवढंच वर आलं पायजे. आलं, तर तो खण आपला. नाय आलं, तर तो कड्याचा."

आकडे आजही तोंडपाठ आहेत. एका खणावर एका वेळी दोन लादलेली खेचरं आणि दोन माणसं धरली होती, एकूण नऊशे साठ किलो. सव्वा पट म्हणजे बाराशे. तीस किलो मातीची एक सँडबॅग. चाळीस बॅगा.

मातीच्या चाळीस बॅगा आम्ही खालच्या नाल्यातून भरून आणल्या होत्या. त्याच बॅगा एका खणावरून दुसऱ्या खणावर सरकवत आठ खण पुरे केले. पहिल्या वजनाला टोक तेरा मिलीमीटर खाली यायचं, कधी पंधरा, कधी बारा. पाचर ठोकून दुसऱ्यांदा वजन दिलं की पाच-सहा, आणि तेवढंच वर. खोमणे उस्ताद रीडिंग वहीत लिहायचे आणि बॅगेवर थाप मारून म्हणायचे, "चला मालक, फुडच्या घरी."

नववा खण राहिला. आणि इन्स्पेक्शन आलं.

परवा अकरा वाजता ब्रिगेडियर साहेब हेलिकॉप्टरने येणार, असा निरोप आला. आमच्या पोस्टच्या सुभेदार साहेबांनी त्या चाळीस बॅगा कड्यावरून उचलायला लावल्या. हेलिपॅडच्या कडेने गोल रचल्या आणि वर चुना मारला. पांढऱ्याशुभ्र बॅगा. वरून फार छान दिसतात. चुन्याला पोस्टवर कधीच तुटवडा पडला नाही. टॉर्क स्पॅनर मात्र आमच्याकडे नव्हता. बोल्ट मोजून आवळायचा पाना तो. खोमणे उस्ताद तो आणायला स्वतः रोडहेडच्या स्टोअरला उतरले. जाताना मला सांगून गेले, "नव्या बॅगा भरून ठिवा. नाल्याचीच माती. चाळीस म्हणजे चाळीस."

आम्ही नाल्यावर गेलो तर नाला गोठलेला. पहार मारली की ठिणगी उडायची. दोन तासांत तीन बॅगा भरल्या. सुभेदार साहेब वरून ओरडले, "क्या कर रहे हो? जो मिलता है वो भरो! मुझे खण पे चालीस बॅग चाहिए, बस!"

जे मिळत होतं ते बर्फ होतं.

सदतीस बॅगांत आम्ही बर्फ भरला. मी भरला. फावड्याने ठोकून ठोकून भरला, तोंड नीट शिवलं. बर्फाची बॅग फार तर बारा किलो. मला ते उचलतानाच कळत होतं. सगळ्यांना कळत होतं. मातीची बॅग दोघांनी धरावी लागते, ही मी एकट्याने काखेत मारून नेत होतो आणि वर थट्टा करत होतो, "आज ताकद वाढून राह्यली बाप्पा!" सगळे हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या सकाळी आठनंतर चाळीस बॅगा खणावर गेल्या. टोक चार मिलीमीटर खाली आलं. आठ खणांवर तेरा-पंधरा, इथं चार. कुणी तरी विचारायला हवं होतं. कुणीच विचारलं नाही, काऊन की कमी आकडा सगळ्यांनाच गोड लागतो. सुभेदार साहेबांनी पाठ थोपटली: "शाबाश. सबसे मजबूत यही बना है." दहाला ऊन आलं आणि बॅगांतून थेंब पडायला लागले. बाराला, म्हणजे चोवीस तास सोडा, चार तासही झाले नव्हते, तेव्हा बॅगा काढायचा हुकूम झाला. रिकाम्या करून घड्या घातल्या. वहीत नोंद झाली: खण नऊ, बॅगा चाळीस, डिफ्लेक्शन (टोकाचा झुकाव) चार. तिन्ही गोष्टी खऱ्या. एकही खरी नाही.

सोळा-तीसला खोमणे उस्ताद टॉर्क स्पॅनर पाठीला बांधून वर आले. चहाही घेतला नाही. वही बघितली.

"चारच?"

"हो उस्ताद."

"पयल्यांदा जे वाकत नाय, त्येची मला भीती वाटती." त्यांनी हेलिपॅडकडे बघितलं. "आपल्या बॅगा तर तिकडं नटून बसल्यात. मग ह्या कशानं भरल्या? माती कुठली?"

सुभेदार साहेब दहा पावलांवर उभे होते. पण त्यांच्यावर ढकलणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं. मी बोललो.

"नाल्याची."

एक शब्द. माझ्या उस्तादांनी तो खरा मानला, कारण तो त्यांनी तयार केलेल्या पोराने उच्चारला होता. तरी त्यांचं मन भरलं नाही. त्यांनी रेडिओ सेट मागितला.

"कंपनी, खण नऊ, वन मोअर प्रीलोड रिक्वायर्ड. ट्वेंटी फोर अवर्स. ओव्हर."

"नेगेटिव्ह. इन्स्पेक्शन टुमारो इलेव्हन हंड्रेड. ओव्हर."

"सर, रीडिंग बरोबर वाटत नाही. ओव्हर."

"रीडिंग बहुत अच्छी है. बोल्ट टाइट करो. आउट."

त्यांनी बोल्ट आवळले. एकेक, स्पॅनर लावून, मोजून. बोल्टला आधीच ताण देऊन ठेवणं हाही प्रीलोडच. वजन आलं की त्याला झटका बसू नये म्हणून. पण त्याचा उपयोग तेव्हा, जेव्हा पाचर खाली बसलेली असते. आमची पाचर बसलेली नव्हती, आणि हे पोस्टवर त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

आमच्याकडे एक रिवाज आहे. जो बांधतो, तो पहिल्या वजनाला त्यावर उभा राहतो. पूल असो की वाट. हुकूम नाही, रिवाज. दुसऱ्या दिवशी अकराला ब्रिगेडियर साहेब उतरले. पांढऱ्या बॅगांच्या गोलात चहा झाला. अकरा-पस्तीसला पहिलं लादलेलं खेचर वाटेवर आलं. त्याचं नाव रानी. वर रॉकेलचे कॅन. हाकणारा तिच्या मागे. खोमणे उस्ताद आधीच नवव्या खणावर, टोकाच्या फळीवर उभे, कमरेला सेफ्टी रोप. रोपचं दुसरं टोक खडकाच्या बोल्टला एक वळसा देऊन माझ्या हातात.

रानी आठ खण चालली. नवव्यावर पुढचे दोन पाय आले, मग मागचे, मग हाकणारा. खेचर आणि ओझं चारशे वीस, हाकणारा साठ, उस्ताद कपडे-सामानासकट ऐंशी. पाचशे साठ किलो. बर्फाच्या चाळीस बॅगा पाचशेच्या आसपास होत्या, त्यातलं पाणी गळून गेलेलं. म्हणजे त्या खणाने तेवढं वजन जन्मात पहिल्यांदा बघितलं.

आवाज लहान होता. पाचर सरकली, टिक. मग मागचा बोल्ट, बंदूक सुटावी तसा. फळी कलली. उस्तादांनी हाकणाऱ्याच्या छातीवर दोन्ही हात मारून त्याला आठव्या खणावर ढकललं. वेळ अकरा-चाळीस. एवढं करायला त्यांना वेळ मिळाला. स्वतःसाठी मिळाला नाही.

रोप माझ्या हातातून गेला, वळशावर थांबला, माझा उजवा खांदा निखळला. मी सोडला नाही. मग रोप हलका झाला. जॉइस्टच्या धारेवर कापला गेला होता. खाली एकशे नव्वद फूट. चौदा-पंचवीसला आम्ही त्यांना वर आणलं. रानीला तिथंच दगडांखाली पुरलं.

आता कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी. मी खरं सांगितलं. उजवा हात गळ्यात बांधलेला, उभा राहून सांगितलं. सर, बॅगांत बर्फ होता. मी भरला. मी खोटं बोललो.

"बॅग कितनी थी?"

"चाळीस, सर. पण..."

"चालीस. लिखो."

पुढचं लिहिलं नाही. निष्कर्ष असा आला: खण नऊ बाराशे किलोला तपासलेला होता. तरीही पडला. म्हणजे बाराशेपेक्षा जास्त वजन आलं. वजन येऊ देण्याची जबाबदारी जागेवरच्या एनसीओची, म्हणजे तिथल्या नाईक-हवालदाराची. कारण: ओव्हरलोडिंग, नाईक खोमणे यांच्या चुकीमुळे. पाचशे साठ किलोचं ओव्हरलोडिंग! कागद खोटा ठरू शकत नव्हता, म्हणून मेलेला माणूस चुकीचा ठरवला. तो उठून उत्तर देणार नव्हता. त्या पांढऱ्या चाळीस बॅगा, खरी बाराशे किलो माती, कड्यापासून दोनशे पावलांवर तशाच रचलेल्या होत्या. त्यांचं नाव इन्क्वायरीत कुठंच नाही.

माझा खांदा काही नीट झाला नाही. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. गावी आलो. पैनगंगेच्या अलीकडचं आमचं गाव, आदिलाबाद जिल्हा, सगळीकडे कापूस आणि तूर. बाबासाहेबांच्या जयंतीची पत्रकं लहानपणापासून वाटत होतो, आता लिहू लागलो. रेशन, रस्ता, दवाखाना. लोक म्हणतात, गौतम फार तडकतो. तडकतो. ज्यांना राग येत नाही त्यांचं अजून काही मोडलेलं नसेल.

या वर्षी शाळेवर वरचा मजला चढला. वर्गांसमोर गॅलरी, भिंतीतून पाच फूट बाहेर, चोवीस फूट लांब, खाली खांब नाही. कँटिलिव्हर. सोमवारपासून वरचे वर्ग भरणार, दोनशे पोरं त्याच गॅलरीतून ये-जा करणार. ठेकेदाराच्या सुपरवायझरने शुक्रवारी लोड टेस्ट केली. गॅलरीत शंभर पोती रचली. पन्नास किलोचं एक, असं म्हणाला. फोटो काढला, पाठवला. तासाभरात पोती उतरवायला लागला.

मी तिथं होतो. उतरवणाऱ्या बाईने एक पोतं डोक्यावर घेतलं, दुसरं काखेत.

मी जवळचं पोतं डाव्या हाताने उचललं. आलं. एका हाताने, माझ्या या मोडक्या शरीराने उचललं. शिवण फाडली. आत कुटार. तुरीचं कुटार, ढोरांच्या पुढ्यात टाकतो ते.

सुपरवायझर म्हणाला, "क्या होता भाई, सौ बोरी बोले तो सौ बोरी रखे. गिन लो."

गिन लो. तीच गोष्ट, दोन हजार किलोमीटरवर.

हेडमास्तर वाघमारे सर माझेच शिक्षक. भला माणूस, पण वरून फोन आला की उभा राहून बोलणारा. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "गौतम, किती वर्षांनी वर्गखोल्या भेटल्या. राहू दे ना बाबू."

"सर, गावात कापूस विकताना तुमी काट्यापासून नजर हटवता का?"

"नाही."

"मग पोरांच्या वेळेस काऊन हटवून राह्यले?"

त्या संध्याकाळी मी पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात एवढंच: पोती मोजू नका, वजन मोजा. खाली: शनिवारी सकाळी आठ, शाळेत या, फावडं आणा. गाव जमलं. भाजी विकणाऱ्या शांताकाकूंनी त्यांचा इलेक्ट्रिक काटा आणून शाळेच्या पायरीवर ठेवला आणि सुपरवायझरला म्हणाल्या, "घाबरू नको रे, याच्यात मी वांग्याचंबी खोटं केलं नाही." ओढ्याची रेती भरली. प्रत्येक पोतं काट्यावर, पन्नास किलो, मगच वर. खाली मी बल्ल्या उभ्या केल्या, गॅलरीपासून दोन बोटं अंतर ठेवून, पडलीच तर झेलायला. खाली कुणालाही उभं राहू दिलं नाही. टोकाला ओळंबा आणि पट्टी बांधली.

मग सुपरवायझरला सांगितलं, "आमच्याकडे रिवाज आहे. जो बांधतो तो पहिल्या वजनाला वर उभा राहतो. चला."

मी त्याला वर जाऊ देणार नव्हतो. मला फक्त उत्तर हवं होतं.

तो दोन पावलं मागे सरला. "अरे भाई, घर पे मेरे बच्चे हैं."

"इथं दोनशे आहेत."

टेस्टचा निकाल तिथंच लागला होता, पण आकडा लागतो. दहा-दहाच्या फेऱ्यांनी पोती चढवली. तीस पोती, तीन मिलीमीटर. चाळीस पोती, पाच. त्रेचाळिसावं पोतं ठेवलं आणि भिंतीपाशी, गॅलरीच्या वरच्या बाजूला, केसासारखी भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. कँटिलिव्हरचं सगळं ओझं वरच्या बाजूला ताणतं, म्हणून सळया वर हव्यात. ओतकाम करताना माणसं त्यांच्यावर नाचत गेली असतील, सळया दबून खाली बसल्या असतील. मी हात वर केला, म्हणजे डावा. "बस! उतरवा!" सगळी पोती उतरल्यावरही टोक चार मिलीमीटर खालीच राहिलं. परत आलं नाही.

दोन हजार दीडशे किलो. हवं होतं पाच हजार.

मंगळवारी ठेकेदाराचा अहवाल आला. तेलुगूत. मी शाळेत तेलुगू शिकलो आहे, मला वाचता येतं. स्थानिक व्यक्तींनी परवानगीशिवाय ओव्हरलोडिंग केल्यामुळे गॅलरीला इजा झाली, असं त्यात लिहिलं आहे. ओव्हरलोडिंग. मी तो शब्द बघत बसलो. तोच शब्द. या देशात वजन कमी भरणाऱ्याला नाव नसतं. जास्त वजनाचा ठपका मात्र नेहमी कुणाच्या तरी नावावर तयार असतो.

या वेळी एक गोष्ट वेगळी झाली. वाघमारे सरांनी शाळेच्या रजिस्टरमध्ये त्रेचाळीस पोत्यांची वजनं एकाखाली एक लिहिली, पुढे रीडिंग लिहिली, खाली सही केली. शांताकाकूंचा अंगठा, गावच्या सतरा जणांच्या सह्या. मग वरच्या मजल्याला कुलूप लावलं. फोन आला तेव्हा मी समोर होतो. सर खुर्चीतून उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "साहेब, किल्ली माझ्या खिशात आहे. काट्यावर पाच हजार भरले की देतो." पोरं सध्या झाडाखाली आणि खालच्या वर्गात दाटीवाटीने बसतात. बसू द्या. निदान पडलेली नाहीत.

त्या रजिस्टरकडे बघून मला माझी वही आठवली. खण नऊ, बॅगा चाळीस. म्हणून हे लिहायला बसलो. आणि छापायला देण्याआधी मी बारामतीकडे गेलो. सुनंदावहिनी, खोमणे उस्तादांच्या पत्नी. इतकी वर्षं त्यांना माहीत होतं की नवऱ्याच्या चुकीने वाट पडली. सासरची माणसं, गावची माणसं, सगळे हळू आवाजात तेच बोलायचे. मी सगळं वाचून दाखवलं. बर्फ. चुना. नाल्याची, हा माझा शब्द. तो वाचताना मान वर केली नाही. त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तरी मी गेलो असतो.

त्यांनी पदराच्या काठावरून बोट फिरवलं.

"त्यांनी इचारलं हुतं का?"

"हो वहिनी. माती कुठली, ते मला विचारलं. आणि सेटवर एक दिवस अजून मागितला."

"दोनदा इचारलं."

"दोनदा."

"मग लिवा," त्या म्हणाल्या. "तुमचं पण लिवा. काय बी गाळू नका."

गाळलेलं नाही.

नाईक दत्ता खोमणे, इंजिनिअर रेजिमेंट, वय एकतीस. खण नववा, वेळ अकरा-चाळीस. खणावर त्या वेळी पाचशे साठ किलो होतं. नऊशे साठ चालणार होतं. बाराशे ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. मी ठेवलं नाही.